वस्तरा हाती घेताना

मी माणदेशातल्या एका गावातून आलेय. आमचं गावात दाढी-कटिंगचं दुकान आहे आणि गेली चार वर्षं ते मी चालवते. पाटी अजून मालकांच्या नावाची आहे, खुर्चीमागं उभी मात्र मी असते. गटातल्या बाया मला नेहमी विचारतात, "अगं, परक्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा ठेवताना तुझा हात थरथरत नाही का?" आज त्याचंच उत्तर देते. थरथरायचा. पहिले तीन महिने रोज थरथरायचा. तो कसा थांबला, ते तुम्हाला सांगायचं आहे. आणि घरात अंथरुणावर पडलेल्या माणसाची दाढी करायची वेळ तुमच्यावर आली, तर काय करायचं आणि काय करायचं नाही, तेही सांगायचं आहे.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. भादव्यात, गौरी-गणपतीच्या आठवड्यात, मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. दुकानात गर्दी होती. एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी झालेली, आणि हातातला वस्तरा खाली पडला. देवाची कृपा, कुणाला लागलं नाही. दवाखान्यातून सव्वीस दिवसांनी घरी आले, तेव्हा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. उजवा गाल बधिर झाला होता. बोलणं अडखळत होतं, पण समजत होतं.

दुकान बंद. गाळ्याचं भाडं चढत चाललेलं. थोरली मुलगी दहावीला, धाकटी सातवीला. भावकीतले लोक येऊन बसले. म्हणाले, गाळा आमच्या पोराला चालवायला द्या, महिन्याला दोन हजार देऊ. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गप्प बसल्या होत्या. मीही गप्प. दोन हजारांत औषधंच येत होती. बाकीचं काय?

त्या रात्री मी मालकांना म्हटलं, "मला शिकवा." ते माझ्याकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं भिंतीकडं बोट केलं. तिथं खुंटीला आमच्या मामंजींची धोकटी टांगलेली होती. वस्तरा, कातर, नराणी, वाटी, आरसा, सगळं त्या चामड्याच्या पिशवीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती धोकटी दसऱ्याला पुसून पूजेला ठेवत होते. आत हात घालून वस्तरा उघडलेला मात्र एकदाही नव्हता. बायकांनी तो उघडायचा नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. तसं कुणी सांगायची गरजच पडली नव्हती.

आता शिकले कसं, ते ऐका.

मालकांनी पहिले दहा दिवस मला वस्तऱ्याला धार असू दिली नाही. दुकानातला वस्तरा म्हणजे ब्लेड बदलायचा असतो, त्यातलं ब्लेड काढून ठेवलं. रिकामा वस्तरा नुसता उघडायचा, धरायचा, मिटायचा. धरायचा कसा? पात्याच्या मागच्या दांडीवर तीन बोटं वरून. अंगठा खालून. करंगळी मागच्या वाकलेल्या शेपटीवर टेकवायची. मूठ वर उभी राहते. भाजी चिरायची सुरी आपण मुठीत आवळून धरतो, तसा वस्तरा धरायचा नाही. आवळला की हाताचा जोर पात्यात उतरतो. वस्तऱ्याला जोर लागत नाही. जोर लावावा वाटला तर समजायचं, एक तर धार गेली आहे नाहीतर साबण नीट मुरलेला नाही.

मग फुगा. हो, पोरांचा फुगा. फुगवून त्याला साबणाचा फेस लावायचा आणि रिकाम्या वस्तऱ्यानं तो फेस काढायचा. चार दिवसांनी ब्लेड घालून काढायचा. पहिल्या दिवशी माझे सात फुगे फुटले. धाकटी टाळ्या वाजवत होती आणि आत्याबाई दर आवाजाला दचकून "अगं बाई" म्हणत होत्या. नवव्या दिवशी पूर्ण फुगा साफ झाला आणि फुटला नाही. तो फुगा धाकटीनं आठवडाभर दाराला बांधून ठेवला.

फुग्यानं मला एक गोष्ट शिकवली. वस्तरा जिकडं केस कापायचे तिकडंच सरळ ओढायचा. धारेच्या लांबीनं आडवा सरकू द्यायचा नाही. तुम्ही टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर तो चेपतो, पण सुरी जरा पुढंमागं सरकवली की साल लगेच चिरते. माणसाच्या कातडीचंही तसंच आहे. नवशिक्याच्या हातून चेहरा कापतो तो बहुतेक वेळा या आडव्या सरकण्यानं कापतो. फुगा ते लगेच सांगतो, ठॉप करून.

दुसरी गोष्ट, तिरपेपणा. पातं कातडीवर जवळजवळ आडवं ठेवायचं, जरासं उचललेलं. मालक सांगायचे, "पाठ आणि गालाच्या मध्ये करंगळीचं टोक मावेल इतकंच." जास्त उचललं तर धार कातडीत खुपते. अगदी झोपवलं तर केस उपटल्यासारखे ओढले जातात आणि माणूस कळवळतो.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची. सगळ्यांचं लक्ष वस्तऱ्याच्या हाताकडं असतं, पण निम्मं काम दुसरा हात करतो. कातडी ताणून धरली तरच पातं सरळ जातं. कल्ल्यापासून सुरुवात. कानाजवळची कातडी वर ओढायची आणि वस्तरा वरून खाली आणायचा. हनुवटीपाशी ओठ आत घ्यायला सांगायचं. गळ्यावर कंठमण्यापाशी कातडी बोटानं जरा बाजूला सरकवून घ्यायची, म्हणजे सपाट जागा मिळते. आणि केस कुठल्या दिशेला वाढलेत ते आधी बोट फिरवून बघायचं. गालावर ते बहुधा खाली जातात, गळ्यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणाचे वर, कुणाचे तिरपे, कुणाचा भोवरा. पहिला हात नेहमी केसांच्या दिशेनं.

आणि या सगळ्याआधी पाणी. कोमट पाण्यात टॉवेल पिळून दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचा. वाळलेला केस चिवट असतो, पाणी प्यायला की मऊ होतो. मग ब्रशनं साबण गोल गोल चोळायचा. घाई इथं केली की पुढं रक्त निघतं.

मामंजींचा जुना वस्तराही मी परजायला शिकले. त्याला ब्लेड नसतं, अख्खं पातं पोलादी असतं. तो चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा. इथं दिशा उलटी. दाढी करताना धार पुढं जाते, पट्ट्यावर पाठ पुढं जाते आणि धार मागून येते. टोकाला पोचलं की पात्याला पाठीवरून उलटायचं. धारेवरून उलटलं की पट्टा कापला. आमच्या पट्ट्यावर तीन चिरा आहेत. तिन्ही माझ्या.

आता फुगा झाला, रिकामा वस्तरा झाला. माणूस कोण? मालकांनीच डोकं मागं टेकलं. म्हणाले, "माझीच कर."

डाव्या गालावर मी पंधरा दिवस शिकले. जरा चूक झाली की ते "हं" करायचे. पातं उचललं गेलं, "हं". जोर आला, "हं". त्यांचा चेहराच माझी शाळा होता. मला वाटायला लागलं, जमलं. मग एके दिवशी मी उजव्या गालाला वळले. मी मजेत होते. थोरलीच्या परीक्षेचं काहीतरी त्यांना सांगत होते, त्यांच्या डोळ्यांत बघत होते. ते "हं" म्हणाले नाहीत, म्हणून मी पुढं जात राहिले. आणि बघते तर पांढरा फेस गुलाबी झालेला.

त्यांना कळलंच नव्हतं. तो गाल बधिर होता ना. करंगळीच्या पेराएवढी चीर पडली होती आणि ते माझ्याकडं बघून हसत होते. त्यात त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. रक्त थांबेना. स्वच्छ फडकं दाबून मी बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मध्येच उचलून बघितलं की पुन्हा सुरू. शेवटी न उचलता घट्ट दाबून धरलं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी थांबलं. आत्याबाई देवापुढं जाऊन बसल्या होत्या.

मी वस्तरा धोकटीत टाकला आणि म्हटलं, झालं. भावकीला निरोप द्या.

आठ दिवस मी त्याला हात लावला नाही. मालकही काही बोलले नाहीत. दाढी वाढत होती. नवव्या दिवशी सकाळी बघते तर ते आरशासमोर बसलेले, डाव्या हातात ब्रश, एकटेच फेस लावत होते. सगळीकडं फेस. नाकाला, कानाला, शर्टाला. मला म्हणाले, "तुझा हात चुकला नव्हता. तू बघत नव्हतीस. माझ्या 'हं' वर चालली होतीस." थांबून थांबून बोलत होते. "दुकानात कोण 'हं' म्हणणार? गिऱ्हाईक झोपतं."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी खरी शिकले. तोवर मी चूक झाल्यावर दुसऱ्यानं सांगायची वाट बघत होते. आपण बायका पुष्कळ कामं अशीच करतो. कुणी रागावलं नाही म्हणजे बरोबर चाललंय, असं धरून चालतो. वस्तऱ्याला ते चालत नाही. डोळा धारेवर आणि बोट कातडीवर. बोलायचं असेल तर आधी वस्तरा चेहऱ्यावरून उचलायचा. हा नियम मी अजून मोडलेला नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, वहिनी फार कमी बोलतात. बोलू दे. आणि मजा अशी की नजर धारेवर ठेवायला लागले, तशी हाताची थरथर हळूहळू गेली. माझी भीती हाताला काय होईल याची होती. लक्ष कामात गेलं, तिला जागाच उरली नाही.

त्यानंतर महिनाभर मी फक्त त्यांचा उजवा गाल केला, रोज, जो काही सांगत नव्हता तो. मग गटातून पंधरा हजारांचं कर्ज काढलं, थकलेलं भाडं भरलं आणि दुकान उघडलं.

पहिले चार दिवस कुणी आलं नाही. लोक दारावरून बघत जायचे. भावकीतले एक जण म्हणाले, "पुरुषांच्या तोंडाला हात लावणार, घराण्याची लाज गेली." आत्याबाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "दवाखान्यात नर्सबाई हात लावत होत्या, तेव्हा कुठं होती लाज?" पाचव्या दिवशी गावातले एक रिटायर्ड सुभेदार आले आणि खुर्चीत बसले. मी विचारलं, "आबा, भीती नाही वाटत?" म्हणाले, "लढाई बघितलीय पोरी, तू कर." दाढी व्हायला पस्तीस मिनिटं लागली. बारा मिनिटांचं काम. ते झोपले, घोरले सुद्धा. उठून गालावरून हात फिरवला, पन्नास रुपये ठेवले आणि गेले. त्यांच्यामागून दोघं आले, मग हळूहळू गाव आलं. सगळं गाव आलेलं नाही. काही लोक अजून तालुक्याला जातात. जाऊ देत. कर्ज दीड वर्षात फिटलं. थोरली आता कॉलेजला आहे.

मी काही पहिली नाही, हेही सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूर सासगिरी गावच्या शांताबाई यादव यांनी १९८०च्या दशकातच वस्तरा हाती घेतला. नवरा गेला, पदरात चार लहान मुली. त्या गावोगाव फिरल्या, दाढी-कटिंग केली, म्हशी सुद्धा भादरल्या आणि मुलींची लग्नं केली. त्यांची गोष्ट मला गटातल्या ताईंनी सांगितली, तेव्हा मी दुकान उघडायच्या आधीची रात्र जागत काढत होते. फार आधार वाटला.

वस्तऱ्याचं आणि बाईचं आणखी एक जुनं नातं आहे, तेही आठवावं. एके काळी काही समाजांत नवरा मेला की बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत. ते काम न्हाव्याला करावं लागे. १८९० साली मुंबईत नाभिक समाजाची सभा भरली. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं त्या लोकांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्यांनी कामाला नाही म्हणायचं, सोपं नव्हतं. आपलं हत्यार कुणावर चालवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. मी धोकटीची पूजा करते, तेव्हा त्यांची आठवण काढते.

आता तुमच्या उपयोगाचं. तुमच्या घरचे पुरुष कुठंही दाढीला जात असतील, त्यांना एवढं बघायला सांगा. ब्लेड त्यांच्यासमोर नवं घातलं का? रक्तातून कावीळ ब आणि क पसरते, एचआयव्हीही पसरू शकतो. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, डाग डोळ्यांना दिसत नसला तरी. ब्लेड नुसतं पाण्यानं धुऊन भागत नाही. आम्ही एका ब्लेडचे दोन तुकडे करतो, एका माणसाला एक तुकडा, मग तो झाकणाला फट पाडलेल्या डब्यात. उकिरड्यावर टाकत नाही, कारण तिथं दुसऱ्या कुणाचा तरी हात जातो. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या तोंडावरून फिरवत नाही. तुरटीचं पाणी करते आणि स्वच्छ कापसानं लावते. मामंजींचा जुना वस्तरा दुकानात नेत नाही, तो फक्त मालकांसाठी आहे. माणूस एकच असेल तर जुना वस्तरा चालतो. माणसं अनेक असतील तर दर वेळी ब्लेड नवं.

आणि घरात कुणी आजारी असेल, सासरे, वडील, नवरा, तर माझं बोलणं ऐकून लगेच वस्तरा हाती घेऊ नका. बाजारातला साधा रेझर आणा, तो ज्याचा त्यालाच ठेवा. माणसाला उशा लावून अर्धं तरी बसतं करा, गळ्याखाली टॉवेल घ्या, उजेडाकडं तोंड करा. कोमट टॉवेल, साबण, कातडी ताणून छोटे छोटे हात. बधिर बाजूवर सगळ्यात सावकाश, कारण ती बाजू ओरडत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लहान चीरही बराच वेळ वाहते. फडकं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका, आणि तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा. साखरेच्या आजारात जखम लवकर भरत नाही, तिथंही जपून.

दाढी झाल्यावर त्यांच्या हातात आरसा द्या. हे विसरू नका. आमच्या मालकांनी झटक्यानंतर दोन महिने आरसा बघितला नव्हता. माझ्या हातची पहिली दोन्ही गालांची दाढी झाली, तेव्हा बघितला. वाकडं झालेलं तोंड त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कल्ला एक वर, एक खाली झालाय." खरंच झाला होता. दुसऱ्या दिवशी मी तो सारखा केला.

ते आता रोज दुकानात येऊन बाकावर बसतात. अजून "हं" म्हणतात, पण क्वचित. मागच्या महिन्यात धाकटी फुगा घेऊन आली. म्हणाली, "आई, मला पण." मी ब्लेड काढून रिकामा वस्तरा तिच्या हातात दिला.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर गटाच्या ताईंकडं सांगा. येताना फुगे आणा, दहा तरी. राम राम.